पाचपैकी चार बिंदू जुळले, तरी उत्तर ‘जुळत नाही’ असं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात खरं तर दोन प्रश्न आहेत आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोलाचा आहे. आधी तो थोडक्यात मांडते, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल.

तुमचा मुलगा नववीत आहे. चाचणीत प्रश्न आला: ‘य = ३क्ष + २ हे समीकरण (०, २), (१, ५), (३, ११), (४, १५), (७, २३) या बिंदूंशी जुळते का ते तपासा.’ त्याने पहिले दोन बिंदू घेतले, किमती घातल्या, दोन्ही बरोबर आले. खाली कारण लिहिलं, ‘दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, म्हणून समीकरण जुळते.’ तीनपैकी शून्य गुण मिळाले. त्याच आठवड्यात त्याने प्रयोगवहीत ओहमच्या नियमाचा (विद्युतधारा वाढते त्याच प्रमाणात विभवांतर, म्हणजे व्होल्ट, वाढतं, हा नियम) आलेख काढला. तिथे पाचपैकी तीन बिंदू रेषेच्या किंचित वर-खाली होते, तरी शेरा मिळाला, ‘निष्कर्ष बरोबर’. तुम्ही विचारता, गणितात चार बिंदू बसूनही ‘नाही’ आणि विज्ञानात तीन बिंदू हुकूनही ‘हो’, हा कुठला न्याय?

मी सत्तावीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवते, त्यातली बरीच वर्षं शाळेची प्रयोगशाळाही माझ्याकडेच होती. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी भेटलेला आहे. माझं उत्तर असं की दोन्ही शेरे बरोबर आहेत, कारण दोन ठिकाणचे बिंदू वेगवेगळ्या घरातून आलेले आहेत. समीकरण तपासायला घेण्याआधी मी मुलांना एकच गोष्ट विचारायला लावते: हे बिंदू आले कुठून? कुणी लिहून दिले, कुठल्या नियमातून निघाले, की उपकरणाने मोजले? तपासण्याची रीत त्यावर ठरते.

आधी चाचणीतला प्रश्न घेऊ. दोन बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते हे तुमच्या मुलाचं वाक्य शंभर टक्के खरं आहे. फक्त त्या वाक्यातून जे सिद्ध होतं ते वेगळं आहे. (०, २) आणि (१, ५) यांच्यातून जाणारी रेषा य = ३क्ष + २ हीच आहे, एवढंच त्याने दाखवलं. उरलेले तीन बिंदू त्या रेषेवर आहेत का, हा प्रश्न त्याने हाताळलाच नाही. रेषा ठरली म्हणून यादीतले बाकीचे बिंदू आपोआप तिच्यावर येऊन बसत नाहीत. ते आधीपासून जिथे आहेत तिथेच आहेत.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि ती चालते. का चालते? सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात म्हणून. प्रश्नपत्रिकेत दिलेले पाच बिंदू एकाच पातेल्यातले आहेत अशी हमी कुणीही दिलेली नाही. उलट ते तसे आहेत का, हेच तर विचारलं आहे. चौथा बिंदू बघा. क्ष = ४ घातल्यावर ३ × ४ + २ म्हणजे १४ यायला हवेत, दिलेत १५. इथेच उत्तर ठरलं. ‘जुळत नाही’ म्हणायला न बसणारा एक बिंदू पुरतो. ‘जुळते’ म्हणायचं तर मात्र एकूण एक बिंदू तपासावा लागतो. पाचवा बिंदू (७, २३) पुन्हा बरोबर बसतो, ३ × ७ + २ = २३, पण त्याने चौथ्याची भरपाई होत नाही. इथे बहुमताला जागा नाही.

आणि हेही सांगते की पेपर काढताना आम्ही शिक्षक पहिले दोन बिंदू मुद्दाम बसणारेच देतो. मूल पुढे जातं का तेच बघायचं असतं. तरी तीनपैकी शून्य मला पटत नाही. किमती घालण्याची रीत त्याला येते, दोन बिंदू त्याने नीट तपासले आहेत, कारणही स्वतःच्या शब्दांत लिहिलं आहे. माझ्या वर्गात त्याला एक गुण मिळाला असता आणि शेजारी ‘उरलेल्या तिघांचं काय?’ असा प्रश्न लिहिला असता.

आता प्रत्यक्ष तपासण्याची सवय. आमच्या पिढीला प्रत्येक उदाहरणाखाली ताळा करायला लावत. इथे ताळाच करायचा आहे, फक्त तो नीट मांडून. डावी बाजू वेगळी काढा, उजवी बाजू वेगळी काढा, आणि शेवटी दोन्हींची तुलना करा. बरीच मुलं पहिल्याच ओळीत ‘१५ = ३ × ४ + २’ असं लिहून टाकतात आणि मग बरोबरचं चिन्ह एकदा लिहिलंय म्हणून दोन्ही बाजू जुळवायच्या मागे लागतात. हात आपोआप चूक झाकतो. हे मी इतक्या वह्यांत पाहिलं आहे की सुरुवातीचा महिनाभर मी समीकरणं तपासताना बरोबरचं चिन्ह लिहूच देत नाही. डावी बाजू १५, उजवी बाजू १४, पुढे शब्दांत ‘समान नाहीत’. इतकंच.

समीकरण २क्ष − ३य = १२ अशा रूपात असेल तर आणखी दोन खड्डे येतात. एक म्हणजे क्रम. (−३, −६) मधला −३ हा क्ष आहे आणि −६ हा य, पण घाईत अदलाबदल होते. दुसरा म्हणजे चिन्ह. २ × (−३) म्हणजे −६, आणि −३ × (−६) म्हणजे +१८, बेरीज १२. बिंदू बसतो. ज्याने +१८ ऐवजी −१८ लिहिले त्याला −२४ मिळतात आणि तो चांगला बिंदू बाहेर काढतो. म्हणून माझा एक नियम आहे: बिंदू बसला नाही तर निकाल देण्याआधी ती आकडेमोड पुन्हा एकदा, कंस घालून करायची. एका ‘नाही’वर सगळं उत्तर फिरतं, तेव्हा त्या ‘नाही’ची खात्री हवीच. अपूर्णांक असतील तर ते अपूर्णांकच ठेवा. दोन तृतीयांशाला ०.६७ लिहिलं की बिंदू रेषेवरून सरकला, आणि अशा प्रश्नात केसभर सरकलेला बिंदूही सरकलेलाच.

आलेख काढून ठरवता येणार नाही का, असंही तुम्ही विचारलंय. काढा जरूर, पण या प्रकारच्या प्रश्नात त्याच्यावर निकाल सोडू नका. य-अक्षावर १ सेंटीमीटर = ५ एकक असं प्रमाण घेतलं तर १४ आणि १५ मध्ये फक्त २ मिलीमीटरचं अंतर पडतं. बोथट पेन्सिलीचा ठिपका आणि थोडी जाड रेघ, की ते दोन मिलीमीटर दिसेनासे होतात.

पुढची युक्ती परीक्षेत वेळ वाचवते आणि रेषा म्हणजे काय हेही तिच्यातून उमगतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. प्रत्येक बिंदू समीकरणात घालण्याऐवजी लगतच्या बिंदूंमधला चढ बघायचा: य किती वाढला भागिले क्ष किती वाढला. तुमच्या मुलाच्या यादीत (०, २) ते (१, ५) चढ ३. (१, ५) ते (३, ११) य वाढला ६, क्ष वाढला २, चढ पुन्हा ३. (३, ११) ते (४, १५) चढ ४. इथे साखळी तुटली. (४, १५) ते (७, २३) मध्ये ८ भागिले ३. एकच बिंदू चुकला पण चढ दोन ठिकाणी बिघडला, कारण तो बिंदू दोन्ही जोड्यांत आहे. दोन लागोपाठ चढ बिघडलेले दिसले की मधल्या बिंदूवर बोट ठेवायचं.

यात मुलं दोन ठिकाणी फसतात. पहिलं, ती फक्त य मधले फरक बघतात: ३, ६, ४, ८, सारखे नाहीत, म्हणजे रेषा नाही. क्ष समान अंतराने वाढत असेल तरच नुसते य चे फरक बघून चालतं. इथे क्ष ०, १, ३, ४, ७ असा उड्या मारत जातो, तेव्हा भागाकार करावाच लागतो. दुसरी फसगत जास्त आतली आहे. समजा बिंदू (१, ६), (२, ९), (३, १२) आहेत. चढ सगळीकडे ३, समीकरणातही क्ष चा सहगुणक ३. मूल खुश होऊन ‘जुळते’ लिहितं. पण क्ष = १ घातलं की ५ येतात, ६ नाही. हे तिन्ही बिंदू एका रेषेत आहेत, पण ती रेषा आपल्या रेषेला समांतर आहे, एक एककाने वर. चढ सारखा असणं म्हणजे दिशा सारखी असणं. जागाही सारखी आहे का ते कळायला किमान एक बिंदू समीकरणात घालून बघावाच लागतो. सगळीकडे चढ ३ आणि त्यातला एक बिंदू समीकरणात बसला, तर सगळे बसले, ही पूर्ण आणि निर्दोष तपासणी आहे. ज्या रेषा य-अक्षाला समांतर असतात, जसं क्ष = ३, तिथे चढ निघत नाही; तिथे प्रत्येक बिंदूचा पहिला निर्देशक ३ आहे का एवढंच बघा.

आता एक इशारा, जो पाठ्यपुस्तकाच्या बाहेर फार उपयोगी पडतो. तुमच्या मुलाला समीकरण आयतं मिळालं होतं. पुष्कळदा आपण ते स्वतःच बनवतो: तक्त्यातले दोन बिंदू उचलायचे, त्यातून रेषेचं समीकरण काढायचं. मग ते बरोबर आहे का हे बघायला त्याच दोन बिंदूंचा ताळा केला, तर तो जुळणारच. तो ताळा तुमची आकडेमोड चुकली नाही एवढं सांगतो, बाकीच्या तक्त्याबद्दल काहीच सांगत नाही. खरी परीक्षा तिसऱ्या बिंदूपासून सुरू होते. मी तर मुलांना सांगते, समीकरण बनवायला सर्वांत दूरचे दोन बिंदू घ्या आणि तपासायला मधला घ्या. रेषा वाकडी असेल तर ती मध्येच उघडी पडते.

वहीतून रस्त्यावर येऊ. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे, ते पहिल्या दीड किलोमीटरसाठी, आणि पुढचा दर किलोमीटरला १७.१४ रुपये. आता य = १७.१४क्ष हे समीकरण घ्या. दीड किलोमीटरला २५.७१ येतात, म्हणजे पूर्ण रुपयात २६. चार किलोमीटरला ६८.५६, पूर्ण रुपयात ६९. सहा किलोमीटरला १०२.८४, म्हणजे १०३. बिंदू (४, ६९) या समीकरणात काटेकोरपणे बसत नाही. मग समीकरण चूक म्हणायचं का? नाही, कारण इथे फरक कशामुळे आला आणि तो जास्तीत जास्त किती असू शकतो हे आपल्याला ठाऊक आहे. रुपया पूर्ण करताना पन्नास पैशांपेक्षा जास्त फरक पडूच शकत नाही. एखाद्या बिंदूला दोन रुपयांचा फरक दिसला तर मात्र शंका घ्यायलाच हवी. आणि याच उदाहरणात दुसरी गोष्टही दिसते. अर्धा किलोमीटर गेलात तरी २६ रुपये, एक किलोमीटरला २६. समीकरण तिथे ८.५७ आणि १७.१४ म्हणतं. तिथे नियमच वेगळा आहे. दीड किलोमीटरच्या अलीकडे रेषा आडवी आहे, पलीकडे चढती. महावितरणचं घरगुती बिलही असंच, १०० युनिटनंतर दर बदलतो, ३०० नंतर पुन्हा बदलतो. तेव्हा समीकरण किती ते किती या हद्दीत लागू आहे, हे न विचारता बिंदू तपासायला घेणं चुकीचं.

रिक्षाच्या या पन्नास पैशांपासून ओहमच्या प्रयोगापर्यंतचं अंतर एका पावलाचं आहे. तुम्ही पाठवलेली वाचनं अशी: विद्युतधारा ०.१, ०.२, ०.३, ०.४, ०.५ अँपिअर असताना विभवांतर ०.५, १.०५, १.४५, २.०५, २.५ व्होल्ट. रोध ५ ओहमचा, म्हणजे समीकरण व्होल्ट = ५ × अँपिअर. समीकरणाप्रमाणे ०.५, १, १.५, २, २.५ यायला हवेत. तफावत निघते ०, +०.०५, −०.०५, +०.०५, ०.

या तफावतीला ‘चालेल’ म्हणायचं की ‘नाही चालणार’, ते डोळ्यांनी किंवा मनाने ठरवायचं नसतं. ते उपकरण ठरवतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या व्होल्टमीटरवर सर्वांत लहान भाग ०.१ व्होल्टचा आहे. काटा दोन रेघांच्या मध्ये असला की आपण अंदाजाने वाचतो, त्यात अर्ध्या भागाची, म्हणजे ०.०५ व्होल्टची चूक कुणाचीही होईल. तुमच्या शाळेतले मीटर कसे आहेत ते मला माहीत नाही, मुलाला बघून यायला सांगा. पण यात एक गोष्ट नेहमी विसरली जाते: अमीटर, म्हणजे धारा मोजणारा मीटर, हाही अंदाजानेच वाचलेला असतो. त्यावर लहान भाग ०.०२ अँपिअरचा असेल तर वाचनात ०.०१ ची चूक शक्य आहे, आणि ती ५ ने गुणली जाऊन ०.०५ व्होल्ट होते. म्हणजे दोन्ही मिळून ०.१ व्होल्टपर्यंतची तफावत या समीकरणाला चालवून घेता येते. रोध ५० ओहमचा असता तर अमीटरची तेवढीच चूक अर्ध्या व्होल्टची झाली असती. क्ष मधली चूक चढाने गुणली जाऊन य मध्ये उतरते. किती फरक चालवून घ्यायचा हे वाचनं घेण्याआधी वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. नंतर ठरवलं की माणूस आपल्याला हवं तेवढं ठरवतो.

तुमच्या मुलाची एकही तफावत ०.१ च्या बाहेर नाही. म्हणून ‘निष्कर्ष बरोबर’. शब्द मात्र नेमके वापरायला शिकवा: ‘बिंदू समीकरणाशी मोजणीच्या मर्यादेत सुसंगत आहेत.’ गणिताच्या ‘जुळते’ आणि प्रयोगाच्या ‘सुसंगत’ यांत फरक आहे. पहिल्यात शेवटचा शब्द असतो. दुसऱ्यात उद्या चांगला मीटर आणला तर निकाल बदलू शकतो.

पण मोजलेल्या बिंदूंच्या बाबतीत तफावत किती आहे एवढंच बघून मी थांबत नाही. ती कोणत्या क्रमाने येते हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि हे आपल्याकडे फारसं शिकवलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. तुमच्या मुलाच्या तफावतीत अधिक, उणे, अधिक अशी सरमिसळ आहे. ती अंदाजाने वाचल्याची खूण. पण समजा पाचही वाचनांत +०.०५ आली असती. प्रत्येक तफावत मर्यादेत, तरी मी विचारलं असतं, तारा जोडण्याआधी काटा शून्यावर होता का? शून्याच्या थोडा वर थांबलेला काटा सगळ्या बिंदूंना सारखाच वर उचलतो. वरची समांतर रेषा आठवते? तीच ही. तफावत ०.०१, ०.०३, ०.०५, ०.०७ अशी वाढत गेली, तर चढ चुकलाय: रोधावर लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्ष रोध यांत फरक असेल, किंवा व्होल्टमीटरच्या दोन टोकांमध्ये एखादी सैल, गंजलेली जोडणी आली असेल. आणि दोन्ही टोकांना एक चिन्ह, मध्ये उलट चिन्ह असं आलं, तर रेषाच नाही, तो वक्र आहे.

हा तिसरा प्रकार बघायचा असेल तर रोध काढून तिथे टॉर्चचा छोटा दिवा लावा. उदाहरणादाखल धारा ०.१०, ०.१५, ०.२०, ०.२५, ०.३० अँपिअर आणि विभवांतर ०.३, ०.६, १.०, १.६, २.४ व्होल्ट घ्या. पहिला आणि शेवटचा बिंदू जोडून रेषा काढली तर मधले तिन्ही बिंदू तिच्या खाली राहतात, −०.२२५, −०.३५, −०.२७५ व्होल्ट. दिव्यातली टंगस्टनची तार तापते, तापली की तिचा रोध वाढतो; म्हणून ही वाचनं एका सरळ रेषेत येतच नाहीत. मीटर कितीही चांगला आणला तरी येणार नाहीत.

तुम्ही शेवटी लिहिलंय की एक्सेलमध्ये आलेख काढला आणि आर-वर्ग (बिंदू रेषेच्या किती जवळ आहेत ते सांगणारा ० ते १ मधला आकडा) ०.९५ आला तर समीकरण जुळतं असं समजायचं का. हे करून बघा: १ ते १० आकडे क्ष मध्ये घाला आणि त्यांचे वर्ग, १, ४, ९ ते १००, य मध्ये. ट्रेंडलाइन, म्हणजे बिंदूंना सर्वांत जवळची रेषा, मागितली की एक्सेल देईल य = ११क्ष − २२, आणि आर-वर्ग ०.९५. आकडा देखणा आहे. पण त्या रेषेप्रमाणे १ चा वर्ग −११ येतो! तफावतींची ओळ लिहून काढा: +१२, +४, −२, −६, −८, −८, −६, −२, +४, +१२. आधी अधिक, मध्ये उणे, पुन्हा अधिक. हे बिंदू सरळ रेषेतले नाहीत हे त्या ओळीकडे बघून पाचवीतलं मूलही सांगेल, आणि त्यातला एकही बिंदू त्या रेषेवर नाही. आणखी एक बघा, या दहा तफावतींची बेरीज शून्य येते. म्हणून ‘अधिक-उणे मिळून शून्य झालं, म्हणजे जुळलं’ हाही युक्तिवाद टिकत नाही.

याच कारणाने १९७३ साली फ्रान्सिस अ‍ॅन्स्कम या संख्याशास्त्रज्ञाने प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच बनवले. चारही संचांत क्ष ची सरासरी ९, य ची सरासरी ७.५, सर्वांत जवळची रेषा य = ३ + ०.५क्ष आणि सहसंबंध गुणांक (क्ष आणि य किती एका रेषेत चालतात ते सांगणारा आकडा) साधारण ०.८१६. आकड्यांत चारही सारखे. आलेख काढले की एक संच रेषेभोवती विखुरलेला, दुसरा स्पष्ट वक्र, तिसऱ्यात एक बिंदू सोडून बाकी सगळे वेगळ्याच रेषेवर, आणि चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या ओळीत, क्ष = ८ वर, आणि एकटा अकरावा क्ष = १९ वर. त्या एका बिंदूने रेषेचा सगळा चढ ठरवलेला. मी दर वर्षी हे चार आलेख फळ्यावर काढते. मोजलेल्या बिंदूंच्या बाबतीत आलेख आधी, गुणांक नंतर.

आणि एक अनुभव. प्रयोगवह्या तपासताना सगळेच्या सगळे बिंदू रेषेवर अगदी नेमके बसलेली वही आली की मी थांबते. स्प्रिंगला वजनं टांगून लांबी मोजायच्या प्रयोगात एकदा एका मुलीने सहाही वाचनं मिलीमीटरच्या दशांशापर्यंत समीकरणात बसणारी लिहिली होती. मोजपट्टीवर मिलीमीटरच्या खालच्या रेघाच नव्हत्या. तिला रागावले नाही. शेजारी बसवून पुन्हा मोजायला लावलं. खरी वाचनं रेषेच्या आजूबाजूला आली, आणि सर्वांत जड वजनाला स्प्रिंग नेहमीपेक्षा जास्त ताणली गेलेलीही तिला दिसली. बनवलेल्या आकड्यांत ते दिसलंच नसतं. तुमच्या मुलाने १.४५ आलं तिथे १.५ करून टाकलं नाही, याबद्दल त्याला शाबासकी द्या.

तेव्हा त्या दोन शेऱ्यांबद्दल मुलाला सांगताना एवढं पुरेल: चाचणीतले बिंदू लिहून दिलेले होते, म्हणून तिथे फरक शून्यच हवा आणि तपासणी सगळ्यांची हवी, प्रयोगातले बिंदू मोजलेले होते, म्हणून तिथे फरक मीटरच्या मर्यादेत हवा आणि त्यात ठरावीक क्रम दिसता कामा नये.

त्याला आज संध्याकाळी हे करायला द्या. समीकरण २क्ष − ३य = १२. बिंदू (०, −४), (३, −२), (−३, −६), (६, ०), (९, ३). आधी डावी-उजवी बाजू वेगळी मांडून, मग चढ काढून, असं दोन्ही रीतींनी. दोन्हींचा निकाल एकच यायला हवा. कुठला बिंदू बसत नाही आणि त्याच क्ष ला य किती असता तर बसला असता, हेही त्याने लिहावं. आणि कुठे अडला तर त्याची आकडेमोड खाडाखोडीसकट मला पाठवा. नेमकी कुठली पायरी घसरते ते खाडाखोडीत नीट दिसतं.